अंगचोर

काचघरात तिला सगळे आत्या म्हणत. तिची सख्खी भाची तिथे एकच होती, पण भाचीने मारलेली हाक सगळ्यांनी उचलली. त्याआधी तिला काय म्हणत, ते ती समोर नसतानाच म्हणत.

तिचं काम पानं कापायचं. ऐकायला सोपं वाटतं. काचघरात टोमॅटोचं रोप जमिनीवर पसरू देत नाहीत. वरच्या तारेला सुतळी बांधतात, रोप तिच्याभोवती गुंडाळतात आणि ते माणसाच्या डोक्यावर चढत राहतं. खालची पानं जुनी झाली की काढायची, बगलेतले फुटवे काढायचे, म्हणजे जोर फळाला जातो. पान बुंध्याशी, खोडाला न दुखावता, एका कापात सुटलं पाहिजे. दोन काप लागले तर एक तर सुरी बोथट आहे नाही तर माणूस. आत्या हे तोंडावर सांगायची. म्हणून तिच्याशेजारची ओळ कोणी आपणहून मागत नसे.

तिला राग लवकर यायचा आणि उशिरा जायचा. पण तो कामावरून यायचा. कोणी तिला वाटेल ते बोललं तर ती ऐकून न ऐकल्यासारखं करी. कोणी पान ओरबाडून काढलं, खोडाची साल खालपर्यंत सोलली, की तळपायाची आग मस्तकात. नवऱ्याचं म्हणणं होतं, हिचा राग डब्यात भरून ठेवता आला असता तर काचघराला थंडीत हीटर लागला नसता. नवरा कारखान्यात फिटर होता. त्याच्या कानांनी आणि गुडघ्यांनी त्याच्या आधीच निवृत्ती घेतली होती. घरात आत्याला ओरडून बोलायची सवय लागली ती त्याच्या कानांमुळे, असं ती सांगे. त्याला ते ऐकू येत नसे.

हे काचघर पूर्वी गुलाबांचं होतं. आत्या गुलाबांच्या वेळेपासूनची. गुलाबाची दांडी बोथट सुरीने चिरडली की सडते, म्हणून तेव्हापासून एक रीत पडली होती. मागच्या दारावर लोखंडी सांगाडा होता आणि त्यावर पांढऱ्या फुलांचा एक वेल चढलेला होता. कोणी लावला, कोणाला ठाऊक नव्हतं. आत जाताना कापणारा माणूस सुरी उघडायचा, वेलाची एक कोवळी काडी तिरकी छाटायचा आणि काप बघायचा. गुळगुळीत आला तर आत जायचं. कडा फाटल्या तर मागे फिरून दगडावर धार लावायची. याला कोणी काम म्हणत नसे. बुटक्या दारातून जाताना मान वाकते, तितकं ते अंगवळणी पडलं होतं. गुलाब गेले, टोमॅटो आले, रीत राहिली.

आत्याला स्वतःला वेलाची गरज उरली नव्हती. पहिलं पान सुटताना जो आवाज येतो त्यावरून तिला धार कळे. पण भाची कामावर आली तेव्हा तिने बजावलं, हाताला कळायला लागेपर्यंत प्रत्येक ओळीआधी वेलावर काप बघायचा. बाकीचे सकाळी एकदा बघतात, त्यांचं सोड. तू प्रत्येक ओळीआधी.

भाची सांगितलेलं ऐकणारी. भावाची धाकटी मुलगी. भावाने तिला आत्याकडे राहायला धाडलं ते काहीतरी काम लागेल म्हणून. काम लागलं, आणि लागलं म्हणण्यापेक्षा तिने ते धरलं. पहिल्या दिवशी पगार विचारायच्या आधी तिने सुरी कुठे ठेवायची ते विचारलं. आत्याने तिला चांगलं म्हटलं नाही. कोणालाच म्हणत नसे. पण तिच्या ओळीच्या तोंडाशी उभी राहून ती न बोलता पुढे जायची, आणि आत्या न बोलता पुढे गेली म्हणजे काय ते काचघरात सगळ्यांना कळत होतं.

रोपं बसायला लागली ती भाचीच्या ओळींत.

शेंडा आखडला. वरची पानं बारीक, मुडपलेली, कडा जांभळट, एकमेकांवर दाटलेली. धरलेलं फळ गोटीएवढं राहून कडक झालं. आधी ओळीतलं पहिलं रोप, मग त्याच्या शेजारचं, मग पुढे पुढे, कापणाऱ्याचा हात जातो त्या दिशेने. ऊन वाढलं तसा फरक जास्त दिसू लागला. आधी खताला दोष दिला, मग पाण्याला. मग मुकादम आत्याला बाजूला घेऊन गेला.

मुकादम वयाने आत्याहून लहान. नजर चांगली, कामाची जाण होती. एकच खोट. वरून जाब आला की तो खाली माणूस शोधायचा.

"आत्या, तुमची भाची म्हणून आधी तुम्हाला सांगतो," तो म्हणाला. "आठवडा संपला की तिला कामावरून थांबवावं लागेल. रोग हाताने जातोय हे दिसतंय. ओळी तिच्या, हात तिचा."

"सुरी स्पिरिटमध्ये बुडवायचा नियम तुमचा. ती बुडवते."

"बुडवते म्हणते."

"म्हणते नाही. बुडवते. मी बघते."

मुकादमाने खांदे उडवले. मालकाला उत्तर द्यायचं होतं, आणि उत्तराला नाव लागतं.

थांबवणं म्हणजे नुसतं तेवढंच नव्हतं. आसपासची काचघरं एकमेकांना फोन करतात. रोग लावणारी म्हणून जिचं नाव एकदा फिरलं तिला कोणी दारात उभं करणार नाही. भाचीला दुसरं काम येत नव्हतं, आणि हे आवडत होतं. तिने बोलून दाखवलं नव्हतं. हातावरून दिसत होतं.

दुपारी विश्रांतीच्या खोलीत आत्या गेली तर सुऱ्या ठेवायच्या फळीवर भाचीची सुरी एकटी पडली होती. बाकीच्यांनी आपापल्या सुऱ्या दुसऱ्या टोकाला सरकवल्या होत्या. कोणी केलं म्हणून विचारलं तर सगळे डब्यात बघायला लागले. सगळ्यात उंच कापणारा, ज्याला सगळे उंट म्हणत, तो एरवी तोंडाचा फटकळ. तोही घास चावत राहिला. आत्याने आपली सुरी उचलली आणि भाचीच्या सुरीला लागून ठेवली. आवाज होईल अशी ठेवली.

घरी मात्र तिने भाचीलाच धारेवर धरलं. ताट वाढलेलं, नवरा टेकून बसलेला, आणि हिची सरबत्ती चालू. स्पिरिट किती वेळ लावतेस? सुरी कोणाला दिलीस? कोणाची घेतलीस? खाली पडलेलं पान उचललंस? घाई केलीस का कधी? भाची प्रत्येकाला उत्तर देत होती, हो किंवा नाही. तिचं हो-नाही ऐकून आत्याचा राग आणखी चढला. कोणी खोटा आळ घेत असताना माणूस इतकं सरळ कसं बोलू शकतं, हे तिला कळेना. शेवटी ती म्हणाली की जरा तरी चीड, तुझ्यावर खापर फुटतंय.

"चिडून रोपं बरी होतील का?" भाची म्हणाली आणि ताटं उचलायला लागली.

नवऱ्याने एवढंच बरोबर ऐकलं. "हिला जेवू तरी देत जा," तो म्हणाला. "उद्या भांडायला अंगात जोर नको?"

दोन-तीन दिवसांनी मालकाने बोलावलेली प्रयोगशाळेतली बाई आली. तिने आधी पानांचे तुकडे नेले होते, आता निकाल घेऊन आली. वयाने तिशीची, पायात रबरी बूट, केस टोपीत कोंबलेले. आत्याला बायामाणसांच्या बुटांवरून त्यांचं काम कळे. या बुटांना वापराच्या घड्या पडलेल्या होत्या, म्हणून आत्या ऐकायला थांबली.

बाईने रोगाचं नाव सांगितलं, व्हायरॉइड. आत्याने विचारलं, म्हणजे व्हायरसच ना? बाई म्हणाली, नाही. व्हायरसला निदान प्रथिनाचं कवच असतं. याला तेही नाही. हा उघडाच फिरतो. नुसता आरएनएचा धागा, दोन्ही टोकं एकमेकांना जोडलेला.

रोपं बांधायच्या सुतळीचा एक तुकडा तिने उचलला, गाठ मारून फेरा केला आणि दोन्ही बाजूंनी ताणला. फेऱ्याच्या दोन कडा एकमेकींना चिकटून काडी झाली. असा तो स्वतःवरच दुमडतो, ती म्हणाली. समोरासमोरची अक्षरं एकमेकांना धरतात. जिथे जुळत नाहीत तिथे फुगवटा राहतो. मोकळं टोक नाही, म्हणून पेशीला तो टोकाकडून कुरतडता येत नाही. काडीसारखा घट्ट, म्हणून सुकला, तापला तरी लवकर मोडत नाही. आणि लांबी किती, तर साडेतीनशेच्या आसपास अक्षरं. साध्यातल्या साध्या व्हायरसलासुद्धा हजारो लागतात.

"एवढ्याशात लिहिलेलं काय असतं?" आत्याने विचारलं.

"काही नाही. एकही प्रथिन बनवायची कृती त्यात नाही."

"मग वाढतो कसा?"

बाईने सुतळीचा फेरा बोटावर फिरवला. हा पेशीच्या केंद्रकात शिरतो. तिथे डीएनएवरून आरएनए उतरवून घेणारं पेशीचं स्वतःचं यंत्र असतं. ते याच्या प्रती काढायला लागतं. फेऱ्याला शेवट नाही, म्हणून यंत्र फिरतच राहतं आणि प्रतींची लांब माळ निघते. आधी उलटी, मग तिच्यावरून सुलटी. मग पेशीचीच कात्री ती माळ तोडते, आणि पेशीचाच सांधणारा प्रत्येक तुकड्याची टोकं जोडून नवे फेरे करून देतो. पेशींमधल्या बारीक वाटांनी ते शेजारी जातात, रसाच्या नळ्यांतून शेंड्यापर्यंत पोचतात. रोपाचं सगळं मनुष्यबळ त्याच्या दिमतीला लागतं आणि रोप बसतं.

 आत्याचा आवाज चढला.

"म्हणजे हा स्वतः काहीच करत नाही. काढायला झाड, तोडायला झाड, जोडायला झाड, वाहून न्यायलाही झाड. अंगावर एक कपडा म्हणून शिवला नाही मेल्याने. अंगचोर. आणि इथे सकाळपासून हात चालवणाऱ्या पोरीला घरी बसवा."

बाई हसली नाही. "तो ठरवून करत नाही, आत्या. त्याला जीव आहे असंही म्हणता येत नाही."

"मग राग धरायचा कोणावर?"

 बाईने वाकून एक आखडलेला शेंडा उलटा करून बघितला.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, त्यावर मुकादमाचा चेहरा उतरला. स्पिरिटने हा जात नाही. ब्लीच हवं, आणि सुरी त्यात बुडवून काही वेळ ठेवायला हवी. आत्याने स्पिरिटच्या बाटलीकडे बघितलं, मग मुकादमाकडे. मुकादम म्हणाला, बरोबर आहे, पण स्पिरिटमध्ये तर सगळेच बुडवतात. रोग मात्र हिच्याच ओळींत. तेव्हा कुठून तरी हिनेच आणला.

बियाणं तपासलेलं होतं, स्वच्छ होतं. बाई भाचीकडे वळली. "तुम्ही सकाळी आल्यापासून काय करता, ते सांगू नका. करून दाखवा."

मुकादमाचा वेळ जाणार होता. आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने वेळेचा विषय काढला नाही.

भाचीने करून दाखवलं. हात धुतले. फळीवरून सुरी घेतली. स्पिरिटमध्ये बुडवली, पुसली नाही, वाळू दिली. मागच्या दाराशी गेली, वेलाची एक काडी छाटली, काप उजेडात धरून बघितला, काडी टोपलीत टाकली, आत आली, ओळीच्या पहिल्या रोपाशी वाकली.

"थांबा," बाई म्हणाली. "आत्ता दारात काय केलंत?"

"धार बघितली."

"रोज?"

"प्रत्येक ओळीआधी."

बाई दाराशी गेली. वेल हिरवागार होता, फुलांनी भरलेला, एकाही पानावर डाग नव्हता. तिने फूल उपडं करून बघितलं आणि सांगितलं की हा टोमॅटोच्याच कुळातला आहे, लांबचा चुलतभाऊ. याच्या अंगात हा धागा वर्षानुवर्षं राहू शकतो आणि वेलाला काही होत नाही. त्याला त्रास नाही म्हणून कोणाला संशय नाही. तिने काही पानं पिशवीत घातली आणि निघून गेली.

आत्या तिथेच उभी राहिली. भाची तिच्याकडे बघत होती. आत्याने नजर दिली नाही, कारण 'प्रत्येक ओळीआधी' हे शब्द तिचे होते. जी आळस करत नाही तिच्याच हातून जास्त रोग गेला. बाकीचे एकदा छाटतात, कधी तेही नाही. हिने नेमाने छाटलं. नीट काम कर म्हणून सांगितलं त्याची ही शिक्षा, आणि भोगायची सांगणारीने नाही, पोरीने. त्या दिवशी आत्याच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा पान दोन कापांत निघालं. कोणी बघितलं नाही. तिने बघितलं.

आठवड्याचा शेवटचा दिवस उजाडला आणि प्रयोगशाळेतल्या बाईचा फोन आला. वेल त्या व्हायरॉइडने भरलेला होता. काढून टाका, जाळा, भाचीच्या ओळी मुळासकट उपटा, बाकीच्या ओळींची पहिली रोपं तपासायला पाठवा.

आत्याला वाटलं, सुटली पोर. पण मुकादमाचं गणित तसंच होतं. वेल झाला, ठीक, तो म्हणाला. पण वेल चालत आत आला नाही. आणला सुरीने. मालक विचारणार, कोणाच्या सुरीने? त्याने सगळ्यांना मागच्या दाराशी बोलावलं आणि सरळ विचारलं, वेलाला सुरी कोण कोण लावतं?

सगळे मूग गिळून बसले. जो हो म्हणेल त्याचं नाव वर जाणार, हे सगळ्यांना कळत होतं. एकाने सांगितलं, पूर्वी गुलाबाच्या वेळी लावायचो. दुसरी म्हणाली, मला तर वेल आहे हेही लक्षात नव्हतं. ती रोज त्याच्याखालून जात होती. उंट छताकडे बघत होता. भाची एकटी पुढे उभी होती, हात शरीराला चिकटवून. तिने सांगून टाकलं होतं, आणि खरं सांगितल्याचा दंड तिलाच बसत होता.

मुकादमाने वेल तोडायला कोयता मागवला. आत्या जाऊन दारात उभी राहिली.

"हात लावायचा नाही अजून," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. तिला ओळखणाऱ्यांना तो जास्त वाईट वाटला. "आधी सगळ्यांनी इकडे या आणि नीट बघा. डोळे आहेत ना? दिवसभर पान कुठे तोडायचं ते दिसतं, तर हेही दिसेल."

तिने भाचीला हात वर करायला लावला. भाची बुटकी. सहज छाटताना तिचा हात जेमतेम सांगाड्याच्या मधल्या पट्टीपर्यंत जात होता. तिथे काप होते, ताजे, एकसारखे, गुळगुळीत. मग आत्याने खाली दाखवलं. खाली काप होते, वाळून तपकिरी झालेले. एकाच्या कडा चिंध्या झालेल्या.

"हा बघा. ही सुरी कोणाची ते विचारायची गरजच नाही. या सुरीला धार लावलीच नाही कोणी. या काचघरात अशी सुरी एकाचीच आहे, आणि त्याला मी रोज सांगते."

कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मग तिने वर बोट केलं, स्वतःच्या डोक्याच्याही वर. तिथे ओळीने तिरक्या छाटलेल्या काड्या होत्या. चार-दोन अजून ओल्या.

"इथे माझी भाची शिडी लावून चढली म्हणता का? का वेल स्वतः छाटून घेतो?"

सगळ्यांच्या माना उंटाकडे वळल्या. त्याने थोडा वेळ छत बघितलं. मग खाली बघितलं.

"मी," तो म्हणाला. "रोज सकाळी. माझ्या पहिल्या ओळीतली दोन रोपं बसली होती, आत्या. हिच्या आधी. मी उपटून कचऱ्यात घातली. कोणाला बोललो नाही."

 इतके दिवस हा माणूस त्याच टेबलाशी बसून डबा खात होता. सुऱ्या सरकवल्या तेव्हाही बसला होता. त्याला हाणावं असं आत्याच्या हाताला वाटलं. पण त्याने एकट्याने तोंड उघडलं होतं, आणि बाकीचे अजून गप्प होते, म्हणून तिने राग त्याच्यावरून काढून बाकीच्यांवर वळवला. एकेका उंचीवर बोट ठेवून ती थांबायची. नाव घेत नव्हती. फक्त थांबायची. गुलाबाच्या वेळी छाटणारा म्हणाला, अधूनमधून. वेल लक्षात नसलेलीला अचानक वेल आठवला. हो म्हणायची एकदा सुरुवात झाली की मग नाही म्हणणारा एकटा पडतो. शेवटी सगळेच हो झाले.

एक काप राहिला होता. माणसाच्या खांद्याइतका उंच, आणि बाकीचे जिकडे उतरत होते त्याच्या उलटा उतरलेला. उजव्या हाताने छाटलं तर काडी एकीकडे उतरते, डाव्याने छाटलं तर दुसरीकडे. आत्याने त्यावर बोट ठेवलं आणि मुकादमाकडे बघितलं.  काचघरात डावखुरा एकच होता. तो सुतळ्या कापत सगळ्या ओळींतून फिरायचा, आणि खिशातल्या सुरीची धार तोही कुठेतरी बघतच असणार.

मुकादमाने डावा हात खिशात घातला. कोयता धरून उभा असलेला माणूस एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिला.

"तोडा वेल," मुकादम अखेर म्हणाला. आणि मग, आत्याकडे न बघता, "मालकाला सांगतो. वेलामुळे झालं. सगळ्यांच्याच सुऱ्या लागत होत्या."

"माझ्या भाचीचं काय?"

"ती राहील."

"ते मालकाला सांगाल, तसं इथेही सांगा. तिच्याकडे बघून."

त्याने सांगितलं. भाचीकडे बघून, सगळ्यांना ऐकू जाईल असं. भाचीने मान हलवली.

दुपारी वेल गेला. मागचं दार एकदम उघडंबोडकं दिसायला लागलं आणि ऊन थेट आत आलं. ब्लीचच्या बादल्या आल्या. प्रत्येकाला दोन सुऱ्या, एक बादलीत भिजेल तोवर दुसरी चालवायची, प्रत्येक रोपानंतर बदलायची. कामाचा वेग निम्म्यावर येणार म्हणून मुकादम कुरकुरला, पण आज त्याची कुरकुर कोणी मनावर घेतली नाही.

भाचीच्या ओळी उपटायच्या होत्या. ते काम आत्याने मागून घेतलं. भाचीबरोबर. हातमोजे घालून, जाड पिशव्या घेऊन दोघी ओळीच्या दोन बाजूंनी लागल्या. सुतळी वरून सोडायची, रोप गुंडाळत खाली घ्यायचं, मुळं हलवून बाहेर काढायची, पिशवीत दाबायची, तोंड बांधायचं. पान खाली पडू द्यायचं नाही, मुळाचा तुकडा मातीत ठेवायचा नाही. काही रोपांना अजून काही झालेलं दिसत नव्हतं, फळं लाल होत आली होती. तीही काढायची. महिनोन्महिने सांभाळलेलं झाड हाताने उपटताना आत्याच्या तोंडाचा पट्टा चालू होता. अंगचोर, फुकट्या, दुसऱ्याच्या कष्टावर जगणारा, जगणारासुद्धा नाही म्हणे, मेल्याला जीवच नाही, जीव असता तर मुंडी तरी मुरगाळली असती.

भाची बोलत नव्हती. अर्धी ओळ झाली, तिने पिशवीचं तोंड आवळलं आणि ती पिशवी बाजूला टाकायच्या ऐवजी जमिनीवर आपटली.

"बास ना आत्या," ती म्हणाली. तिचा आवाज असा कोणी ऐकला नव्हता. "त्याला शिव्या देऊन काय होणार आहे? मला काय वाटतं ते विचारलं कोणी एकदा तरी? मुकादम बोलला, तू बोललीस, बाई बोलली, उंट बोलला. माझ्या ओळी आणि मी सोडून सगळे बोलले."

आत्या रोप हातात धरून उभी राहिली.

"सगळ्यांसमोर मला हात वर करायला लावलास. माप घेतल्यासारखा. आधी सांगितलंस का मला, काय करणार आहेस ते? घरी मात्र मलाच चोरासारखं विचारत बसलीस. आणि प्रत्येक ओळीआधी कर म्हणालीस तेव्हा का करायचं ते सांगितलंस? बोथट सुरी चिरडते, एवढंच ना? मग स्पिरिटनंतर वेलाला सुरी लावली तर स्पिरिटचा उपयोग काय, हे मला पहिल्या आठवड्यातच वाटलं होतं. बोलले नाही. तू म्हणालीस कर, म्हणून करत राहिले."

पलीकडच्या ओळीतले आवाज थांबले होते. आत्याला ते कळलं. तिच्या तोंडाशी दोन-चार उत्तरं आली, सगळी मोठ्या आवाजातली. विचारायचं होतंस मग, हे सगळ्यात पुढे होतं. पण विचारलं असतं तर आपण काय म्हटलं असतं, तेही तिला ठाऊक होतं. सांगितलं तेवढं कर.

"वाटलं होतं तर बोलायचंस," तरी ती म्हणालीच. पण आवाज अर्ध्यावर उतरला होता.

"आता बोलतेय."

"बोल."

"बोलले."

भाचीने दुसरी पिशवी घेतली. पुढच्या रोपाची सुतळी सोडली आणि इतक्या जोराने ओढली की वरची तार थरथरली. आत्याने सवयीने तोंड उघडलं.

"बुंध्याशी धर. वरून ओढलंस तर मूळ तुटून आत राहील."

"कळतं मला," भाची म्हणाली, आणि वाकून तिने रोप बुंध्याशी धरलं.